खांदा आधी सांगतो

संगिता धोडी चिकूच्या झाडावरून पडली तेव्हा तिचं वय एकतीस होतं. वाडी राऊतांची, डहाणूच्या समुद्राच्या बाजूला. आदल्या रात्री पाऊस झाला होता, फांदी निसरडी होती, आणि वरच्या शेंड्याचे चार चिकू सोडून द्यावेत एवढी ती आळशी नव्हती. डावा पाय घोट्यात मोडला. हाड जुळून आलं, पण झाडावर चढणं आणि भरलेल्या पाट्या डोक्यावरून नेणं कायमचं सुटलं. नवरा दिपक तारापूरच्या एका कारखान्यात कामाला होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. घरात बसून दिवस कसा काढायचा हे संगिताला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

दवाखान्यात तिला बघायला राऊतांकडून नर्मदाताई आल्या. त्या घरातल्या धाकट्या सूनबाई. वाडीत त्यांचा हिस्सा होता, जीव मात्र नव्हता. डहाणू स्टेशनाजवळच्या बाजारगल्लीत त्यांच्या नवऱ्याने, जतीन राऊतांनी, फोटो स्टुडिओ काढला होता. ते गेल्यावर सगळ्यांनी शटर खाली ओढा म्हणून सांगितलं, पण ताईंनी स्वतःच कॅमेरा हातात घेतला. त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली होती.

"बसून करायचं काम आहे. येतेस?" ताईंनी विचारलं.

"मला काय येतं, ताई?"

"कात्री चालवता येते ना? बाकीचं बघू."

अशी संगिता स्टुडिओत आली. आधी ती पासपोर्ट फोटो कापायची. मग प्रिंटरमध्ये कागद भरायला शिकली. पुढे गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून मान सरळ करायला शिकली. वर्षभरात ती स्वतः फोटो काढायला लागली. गिऱ्हाईक गुजरातीत बोललं की गुजरातीत, हिंदीत बोललं की हिंदीत, आणि पाड्यावरची बाई आली की तिच्या बोलीत. पाड्यावरच्या बायका मग मुद्दाम तिच्याच वेळेला यायला लागल्या.

पण एक गोष्ट तिला सारखी टोचायची. बाहेर बाकड्यावर बसून खिदळणारी बाई आत कॅमेऱ्यापुढे आली की एकदम कुणीतरी दुसरीच व्हायची. सगळ्यात वाईट अवस्था संगिताच्या आईची, काळीची. काळी तलासरीजवळच्या पाड्यावर राहायची. आठवडी बाजारात काकड्या, रानभाज्या, कधी करांद्याचे कंद घेऊन बसायची. हसायची ती मान मागे टाकून, सगळा बाजार वळून बघेल अशी. वरचा एक दात नव्हता, त्याची तिला फिकीर नव्हती. आणि आधार कार्डावरची काळी? जणू चौकीवर बोलावून आणलेली. बाप धाकल्या तर एकही फोटो न ठेवता गेला होता. म्हणून आईचा तरी एक खरा फोटो आपल्याकडे असावा, असं संगिताच्या मनाने घेतलं.

ताईंना विचारून ती एकदा कॅमेरा पाड्यावर आईकडे घेऊन गेली. काळीने तो पाहिला, लुगडं नीट केलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाली, "काढ."

"आये, हस ना जरा."

"कशाला? मी काय खुळी हाय?"

संगिताने चाळीस फोटो काढले. चाळीसही आधार कार्डासारखेच.

दुसऱ्या दिवशी तिने हे ताईंना सांगितलं. ताई हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला ये. दुकान उघडायच्या आधी."

सकाळी सातला ताई तिला घेऊन बाजारात गेल्या आणि चहाच्या टपरीशेजारी उभ्या राहिल्या. समोर पिवळ्या भिंतीवर कोवळं ऊन पडलं होतं. भाजीच्या गाड्या लागत होत्या, शटर वर जात होती, रिक्षा रांगेला लागत होत्या. अर्धा तास झाला. ताईंच्या गळ्यात कॅमेरा तसाच लटकलेला. संगिताचा पाय दुखायला लागला.

"ताई, तुम्ही काढत का नाही?"

"अजून काही झालं नाही."

"एवढी माणसं गेली की!"

"माणसं गेली. झालं काहीच नाही." ताई भिंतीकडेच बघत होत्या. "जागा चांगली आहे. उजेड चांगला आहे. आता आपण थांबायचं. एवढं थांबायचं की लोक आपल्याला बघून कंटाळले पाहिजेत."

तेवढ्यात एक रिक्षावाला भिंतीपाशी येऊन थांबला आणि समोरच्या काचेवर झेंडूची माळ बांधायला लागला. मागे एक बकरी रेंगाळत होती. ताईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. संगिताला काही कळेना, कारण रिक्षावाला तर पाठमोरा होता. मग बकरीने मान लांब केली, माळेचं खालचं टोक तोंडात धरलं, रिक्षावाला दचकून वळला, आणि नेमकं त्याच क्षणी कॅमेरा वाजला. एकदाच. फोटोत माळ दोघांच्या मध्ये ताणलेली, रिक्षावाल्याचं तोंड उघडं, आणि बकरीच्या चेहऱ्यावर परकं काही घेतल्याचा लवलेश नाही.

"तुम्हाला आधी कसं कळलं?" संगिता बघतच राहिली.

"बकरीचा खांदा बघितला. माणसाचंही तसंच असतं. चेहरा सगळ्यात उशिरा सांगतो. चेहऱ्यावर दिसेपर्यंत थांबलीस तर गोष्ट होऊन गेलेली असते. खांदा आधी सांगतो."

हे ऐकून संगिताला आपलं लहानपण आठवलं. ओढ्यात खेकडे धरायला काळी तिला बरोबर न्यायची. पोरगी खेकड्यावर झडप घालायची आणि हाती गाळ यायचा. काळी म्हणायची, "हाय तिथं हात नको घालू. पळंल तिथं घाल." मग दोघी पाण्यात पाय न हलवता उभ्या राहायच्या. खेकडा पळायच्या आधी पायांवर जरासा उचलला जायचा. तेवढंच बघायचं. आठ वर्षांची होईपर्यंत संगिताच्या हातून सहसा खेकडा सुटत नसे.

म्हणजे ही विद्या आपल्याकडे आधीपासूनच आहे, असं तिला वाटलं आणि ती हुरळून गेली. पण कॅमेरा हातात आला की सगळं बिघडायचं. पुढचं वर्षभर तिचे फोटो उशिराचे आले. पोराने उडी मारून झाल्यावरचा. दोन मैत्रिणींनी एकमेकींना मिठी मारून सोडल्यानंतरचा. कुठेतरी ऐकून तिने बटण दाबून धरायची युक्ती शोधली. कॅमेरा धडाधड दहा फोटो काढायचा, त्यातला एखादा तरी बरा निघेल म्हणून. ताईंनी ते पाहिलं आणि सेटिंगमध्ये जाऊन ती सोयच बंद केली.

"बटण दाबून धरलंस की बघणं थांबतं तुझं," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी रोलमध्ये छत्तीस फोटो असायचे. छत्तीसच आहेत असं समज."

एकदा तर फोटो अगदी वेळेवर आला आणि तरीही चुकला. चिंचणीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते. त्या रांगांमधून एक कोळीण चालत आली, मध्येच थांबली, आणि पदराने डोळे टिपले. संगिताने खांदा पाहिला होता, पदर वर यायच्या आधीच तिचं बोट तयार होतं. फोटो सुरेख आला. कोळणीने आवाज ऐकला आणि तरातरा जवळ आली.

"काय गो, माझं रडणं न्यायला आलीस काय?"

संगिता खाली बघत राहिली. सबबी पुष्कळ होत्या. तोंड लांबून दिसत नाही म्हणता आलं असतं, उन्हामुळे पाणी आलं असेल म्हणता आलं असतं. तिने सरळ कॅमेरा त्या बाईपुढे धरला, फोटो दाखवला आणि तिच्या देखत पुसून टाकला. बाई थोडा वेळ रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मुलगी सासरी गेली काल. दुसरं काय नाय." आणि जाता जाता मागे वळून, "उद्या ये. उद्या नाय रडणार."

संगिता दुसऱ्या दिवशी गेली. बाईने तिला बोंबील वाळत कसे घालतात ते दाखवलं, फोटोसाठी ऐटीत उभीही राहिली. तो फोटो स्टुलावरच्या फोटोसारखाच आला. संगिताने तो मोठा प्रिंट करून तिला नेऊन दिला, आणि बाई बेहद्द खूश झाली. घरी येताना संगिताच्या लक्षात आलं, की बोट थांबवायचं कधी हेही खांद्यातूनच कळलं असतं. आपण तेवढं नीट बघितलं नव्हतं.

त्यानंतर ती दर आठवड्याला तलासरीच्या बाजाराला जायला लागली. ताईंनी तो दिवस तिला सुट्टीच दिली. सकाळी ती आईशेजारी गोणपाटावर बसायची, वाटे लावून द्यायची, आणि कॅमेरा मांडीवर फडक्याखाली ठेवायची. पहिल्या महिन्यात सगळा बाजार तिच्याकडे बघायचा. दुसऱ्या महिन्यात लोक विचारायचे, "आज काढलास का एखादा?" सहाव्या महिन्यात कुणाला काही पडलं नव्हतं. काळी मात्र पक्की होती. संगिताचा हात फडक्याखाली गेला की तिला न बघता कळायचं, आणि ती तोंड मिटून काकड्या पुसायला लागायची. खेकडे धरायला जिने शिकवलं ती स्वतः कशी सापडणार!

तो दिवस दिवाळीनंतरचा होता. बाजार गच्च भरला होता. काळी एका गिऱ्हाइकासाठी वाटा रचत होती. पाचवी काकडी उचलली आणि तिचा हात हवेतच थांबला.

संगिताने फक्त तेवढंच पाहिलं. आईचा हात थांबला, आणि उजवा खांदा जरासा वर आला. काळी समोर रस्त्याकडे बघत होती. उंबरगावकडून आलेली एक जीप तिथे रिकामी होत होती. आई काय बघतेय म्हणून मान वळवावी, असं संगिताच्या अगदी मानेपर्यंत आलं. पण आपण वळलो तर उशीर होईल, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. कुणीतरी येतंय. येणारं माणूस आईसमोर उभं राहील. दोन ताडपत्र्यांच्या फटीतून उन्हाचा पट्टा पडला होता, तो आईच्या डाव्या बाजूला होता. संगिता गोणपाटावरून उठली, दुखरा पाय ओढत दोन पावलं बाजूला सरकली, आणि गुडघ्यावर बसून तिने कॅमेरा डोळ्याला लावला.

चौकटीत आली ती एक वाळकी म्हातारी बाई. हातात प्लास्टिकची पिशवी, कपाळावर गोंदण. संगिताने तिला ओळखलं. ती रखमी होती. काळीची धाकटी बहीण.

या दोघी बहिणी अकरा वर्षं बोलल्या नव्हत्या. त्यांची आई पाड्यावर आजारी पडून गेली, तेव्हा काळीने उंबरगावच्या बाजूला, रखमीच्या सासरी, निरोप धाडला होता. तो निरोप कुठे तरी अडला. रखमी आली ती तिसऱ्या दिवशी, सगळं उरकून गेल्यावर. "माझ्या आयेला माझ्याबिगर नेलंत," एवढं म्हणून ती उंबऱ्यातूनच मागे फिरली. काळीनेही मग तिला बोलावलं नाही. निरोप धाडला होता हे खोटं ठरवलं, याचा तिलाही राग होता. त्या दिवसापासून घरात रखमीचं नाव निघत नसे.

आता रखमी काकड्यांसमोर उभी होती. काळी बसलेली. दोघींपैकी कुणी हलेना. संगिताचं बोट बटणावर होतं आणि तिला दिसत होतं, की अजून काही झालेलं नाही. दोघींचे खांदे अजून घट्ट होते. मुलगी म्हणून तिला उठून मध्ये पडावंसं वाटत होतं. ती तशीच राहिली.

मग रखमी म्हणाली, "काळे, म्हातारी झालीस गो."

काळीचे खांदे खाली आले. आधी डावा, मग उजवा. "तू काय तरणी ऱ्हायलीस?" ती म्हणाली, आणि मान मागे जायला लागली.

संगिताने बटण दाबलं. एकदाच. मग कॅमेरा खाली ठेवला, फडकं त्याच्यावर टाकलं आणि पडद्याकडे बघितलंही नाही.

रखमी गोणपाटावर बसली. काळीने तिच्याकडे एक काकडी सरकवली. बऱ्याच वेळाने रखमी म्हणाली, "जो निरोप घेऊन निघालेला ना, त्या लाहूची बायको भेटली मागल्या महिन्यात. म्हणली, तो वाटेतच आजारी पडून माघारी फिरला होता. आमच्याकडं आलाच नाय."

"मी धाडला होता," काळी म्हणाली.

"आता कळलं."

दोघी त्या गोष्टीवर याहून जास्त काही बोलल्याचं संगिताने ऐकलं नाही. मग गुडघे, नातवंडं, कुणाच्या घरी कोण राहिलं आणि कोण गेलं, हे सगळं निघालं, आणि बाजार उठेपर्यंत संपलं नाही. काकड्या संगितानेच विकल्या.

संध्याकाळी डहाणूच्या बसमध्ये बसल्यावर तिने कॅमेरा उघडला. फोटो होता. काळीची मान मागे गेलेली, तोंड उघडं, दात नसलेली जागा उन्हात स्वच्छ दिसत होती. समोर रखमी पुढे वाकलेली, आणि तिच्या तोंडावर हसू फुटतंय की रडू, हे कळण्याच्या अलीकडचा क्षण होता. काळीचा हात हलला होता, तो पुसट आला होता. उजव्या कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर घुसलं होतं.

सकाळी ताईंनी तो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पडद्याला नाक लागेल एवढ्या जवळ जाऊन त्यांनी पाहिला.

"हात हललाय," त्या म्हणाल्या.

"हो, ताई. कोपर कापू का?"

"नको. बाजार आहे. बाजारात कोपर असणारच." त्या खुर्चीत मागे टेकल्या. चष्मा काढून पुसला, परत घातला. "माझ्याकडे बकऱ्या पुष्कळ आहेत, संगिता. असा एकही नाही."

त्या दिवशी ताईंनी स्वतः मोठा प्रिंट काढला. दुकानाच्या दर्शनी काचेत जतीन राऊतांनी काढलेला एका नवरा-नवरीचा फोटो इतकी वर्षं होता, उन्हाने निळा पडलेला. ताईंनी तो अलगद काढून घरी न्यायच्या पिशवीत ठेवला आणि त्या जागी दोघी बहिणी लावल्या. संगिता नको नको म्हणत राहिली. ताईंनी लक्ष दिलं नाही.

गल्लीतून जाणारे लोक थबकायला लागले. कुणी आत येऊन विचारायचं, या कोण? मासेवाल्या, रिक्षावाले, कोर्टाच्या कामाला आलेले पाड्यांवरचे लोक. एक म्हातारा तर रोज भाजी घेऊन जाताना काचेपुढे उभा राहायचा आणि आपणही हसून पुढे जायचा. महिन्याभरात लग्नाचं काम घेऊन दोन गिऱ्हाइकं आली, आणि दोघांनीही हेच सांगितलं, "स्टेजवरचे दुसरा कुणीही काढेल. आम्हाला बाईंनी काढलेले असे पाहिजेत."

ताईंचे आभार कसे मानायचे, हे संगिताला उमगत नव्हतं. 'थँक्यू' ती गिऱ्हाइकाला दिवसातून वीस वेळा म्हणायची, तो शब्द इथे फारच हलका होता. आणि पाड्यावर आभार मानायची रीत नव्हती. तिथे माणूस उठून समोरच्याच्या दारात जायचा, एवढंच. शेवटी ते काम काळीनेच केलं. एक दिवस ती कुणाला न सांगता तलासरीहून बस धरून आली, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. आधी काचेपुढे थांबली.

"ही कोण हसतेय एवढी?" ती म्हणाली.

"तूच की, आये."

"मी अशी दिसते?" ती बराच वेळ बघत राहिली. मग आत आली, गाठोडं ताईंच्या टेबलावर ठेवलं आणि खाली बसायला लागली. ताईंनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

चहा आला. काळीने बशीत ओतून निम्मा प्यायला आणि म्हणाली, "ताई, माझी पोर झाडावरून पडली तवा मी देवाला लय वाईटसाईट बोललेले. उभी राहून बोललेले."

तिने बशी खाली ठेवली.

"ते समदं मी मागं घेतलं. देवळात जाऊन सांगून आले. म्हटलं, तुमालाबी सांगावं."

ताईंनी चष्मा काढला. "मला कशाला? मी काय केलं? मी तर फक्त तिच्याबरोबर उभी राहिले."

"तेच," काळी म्हणाली.

संगिता प्रिंटरकडे तोंड करून कागद सारखे करत राहिली. ते आधीच सारखे होते. तिला एवढंच वाटत होतं, की आपल्या वाट्याला दोन बायका आल्या, एक पाण्यात न हलता उभी राहणारी आणि एक रस्त्यावर, आणि हे फार कमी जणींना मिळतं. थोड्या वेळाने तिने कॅमेरा उचलला आणि दोघी म्हाताऱ्या चहा पिताना एक फोटो काढला. तो साफ फसला. ताईंचे डोळे मिटलेले आणि काळीचं तोंड बशीने झाकलेलं. तिने तो दोघींना दाखवला. "काय गो हे," म्हणून काळी हसली, आणि ताईंनी तोच हवा म्हणून एक प्रत काढून घेतली.

संध्याकाळी संगिता आईला बसस्टँडवर सोडायला गेली. बस लागलेली होती. पायरीवर पाय ठेवता ठेवता काळी म्हणाली, "पुढच्या बाजाराला मी नाय. रखमीकडं चार दिवस जाऊन येते."

चार दिवसांसाठी गेलेली काळी पंधरा दिवसांनी परत आली. त्या दोन बाजारांना गोणपाटावर संगिताच बसली, काकड्या विकल्या, आणि मध्येमध्ये फडक्याखाली हात घातला.